फायबर बदलण्याआधी

लातूर

प्रिय पोरी,

कार्बन फायबर घालून ओतलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या तुझ्या तुकड्यांचे फोटो मिळाले. ताकद कमी आली म्हणून फायबर बदलायला निघालीस, जरा थांब. मॉड्युलस, म्हणजे ताठपणा, हिशेबाइतकाच आलाय ना? मग फायबर आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्ही बहुधा ठीक आहेत. खोट आहे ती दोघांच्या सांध्यात.

वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम कार्बनला सहजी ओलं करत नाही, अळूच्या पानावरच्या थेंबासारखं बसतं. म्हणून तू तापमान चढवलंस, रस जास्त वेळ ठेवलास. मीही हेच केलं होतं. त्यानं ओलं होतं खरं, पण तेवढ्या वेळात फायबरच्या अंगावर अ‍ॅल्युमिनियम कार्बाइड उगवतं. ते ठिसूळ असतं, तडा तिथूनच सुरू होतो. शिवाय पाणी लागलं की ते मिथेन सोडत विरतं. वाळूजला असताना माझे नमुने एका पावसाळ्यात उघड्या कपाटात राहिले. दिवाळीत पाहिले तर कडा पांढऱ्या, नखानं खपली निघावी अशा! तेव्हापासून पॉलिशला पाणी बंद, अल्कोहोलच. तूही पाण्यावर घासलं असशील, तर फोटोतले काही काळे खड्डे कार्बाइड धुऊन गेल्याचे असतील.

आता तुटलेलं तोंड बघ. सगळे फायबर विळ्यानं कापल्यासारखे सपाट तुटलेत, एकही बाहेर डोकावत नाही. पकड फार घट्ट आहे, तडा एका फायबरमधून थेट दुसऱ्यात गेलाय. थोडी सैल असती तर तो फायबरच्या कडेनं वळला असता, फायबर सरकत बाहेर आला असता आणि त्यात ऊर्जा खर्ची पडली असती. पण फारच सैल केलीस तर भार फायबरपर्यंत पोचणार नाही, आडव्या ताणाला तर लगेच उकलेल.

आणि सगळी पकड रसायनातूनच यायला हवी असं नाही. बैलगाडीच्या चाकावर तापवलेली धाव चढवून पाणी ओतताना पाहिलंयस ना? तसंच थंड होताना अ‍ॅल्युमिनियम फायबरला आवळतं. मात्र लांबीच्या दिशेनं कार्बन जवळजवळ आकसतच नाही, त्यामुळे धातू भार येण्याआधीच ताणलेला राहतो. तुझ्या हिशेबात हा ताण दिसला नाही.

पुढची खेप दाब देऊन ओत, रस लवकर गोठू दे. फायबरला लेप देता आला तर उत्तमच. बोरॉनच्या तंतूंनाही अ‍ॅल्युमिनियमपासून वाचवायला सिलिकॉन कार्बाइडचा लेप देत.

येताना तुकडे सिलिका जेलच्या डबीत, वेगवेगळे कापसात गुंडाळून आण. एसटीच्या दणक्यांत तुटलेली तोंडं एकमेकांवर घासली, तर बघायला काही उरणार नाही.

तुझा,
काका