वाचक विचारतात : फ्रान्सची गाणी, परका मुलूख

मागच्या महिन्यात या सदरात फ्रेंच बँडबद्दल चार ओळी खरडल्या आणि टपालाचा ढीग पडला. तेव्हा या वेळी सबंध पान त्यांनाच. मी काही वर्षं ल्योंमध्ये राहून फ्रेंच कलावंतांच्या दौऱ्यांवर दुभाष्याचं काम केलं आहे. त्यामुळे मतं जरा जास्तच ठाम आहेत, ती चालवून घ्या.

ताई, फिनिक्स, एअर, डाफ्ट पंक हे सगळे फ्रेंच. पण गाणी इंग्रजीत! यांना स्वतःच्या भाषेची लाज वाटते का? मग यांना फ्रेंच तरी का म्हणायचं?
— अनुजा, पदवीचं दुसरं वर्ष

अगं, लाजबीज काही नाही. फिनिक्स आणि एअर दोन्ही व्हर्सायचे, म्हणजे पॅरिसला खेटून असलेल्या राजवाड्याच्या गावचे. या मुलांच्या कानांवर रॉक आणि पॉप आलं तेच इंग्रजीतून. आता गंमत बघ. १९९४ साली फ्रान्सने कायदा केला आणि १९९६ पासून तिथल्या रेडिओ केंद्रांना ४० टक्के गाणी फ्रेंच भाषेतली लावणं सक्तीचं झालं. (पुढे त्यात फेरफार झाले.) भाषा टिकवायला कायदा ठीकच, पण इंग्रजीत गाणाऱ्या पॅरिसच्या पोराला या ४० टक्क्यांत जागा नाही. उरलेल्या जागेत त्याची गाठ थेट अमेरिकेच्या बड्या नावांशी. मग तो बाहेर बघणार नाही तर काय करणार? एअरचा ‘मून सफारी’ हा अल्बम १९९८ चा. फिनिक्सच्या २००९ च्या अल्बमला पुढच्याच वर्षी ग्रॅमी मिळालं आणि २०१३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कोचेला महोत्सवात मुख्य नावांत ते झळकले.

डाफ्ट पंकचं तर नावच परदेशी समीक्षकाच्या शिवीतून आलं. डाफ्ट पंक म्हणजे दोघेजण. त्यांचा आधी ‘डार्लिन’ नावाचा तिघांचा बँड होता. तिसरा गडी पुढे फिनिक्समध्ये गेला. ‘मेलडी मेकर’ या ब्रिटिश साप्ताहिकाने त्यांच्या वाजवण्याला ‘डाफ्ट पंकी’ (म्हणजे खुळचट पंक) म्हणून हिणवलं. पोरांनी रडारड केली नाही, शिवीच नाव म्हणून लावली. २००६ मध्ये कोचेलाच्या तंबूत दिव्यांच्या पिरॅमिडवर हेल्मेट घालून ते उभे राहिले तेव्हा ते कुठल्या भाषेत गातात हे विचारायला कुणाला फुरसत नव्हती.

आणि तुझ्या प्रश्नाचं सगळ्यात मजेदार उत्तर गोजिराकडे आहे. हा नैऋत्य फ्रान्समधल्या बायोन शहराजवळच्या ओंद्र गावचा मेटल बँड. वर्षानुवर्षं इंग्रजीत गात जगभर फिरला. २६ जुलै २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात कोंसिएर्जरी या जुन्या तुरुंगाच्या खिडक्यांत उभं राहून त्यांनी काय वाजवलं? ‘सा इरा’, राज्यक्रांतीच्या काळातलं फ्रेंच गाणं. सोबत मारिना व्हिओत्ती ही ऑपेराची गायिका. पुढच्या फेब्रुवारीत त्यांना ग्रॅमी मिळालं ते याच गाण्याला. इंग्रजीने दार उघडून दिलं, पण बक्षीस घरच्या भाषेने आणलं. तेव्हा फ्रेंच कोण हे ठरवायची घाई करू नकोस.

फ्रेंच गायिका एदित पियाफ पहिल्यांदा अमेरिकेत गेली तेव्हा सपशेल पडली, असे एका व्याख्यानात ऐकले. हे कितपत खरे?
— एक निवृत्त शिक्षक

सर, ‘सपशेल’ काढून टाका. पण पहिले दिवस थंड गेले हे खरं.

ऑक्टोबर १९४७ संपता संपता न्यूयॉर्कच्या प्लेहाउस थिएटरात ती उभी राहिली. समोर बसलेल्यांच्या डोक्यातला फ्रान्स म्हणजे गायक-नट मोरिस शव्हालिये : तिरपी स्ट्रॉ हॅट, मिस्कील हसू, पिसं आणि चमचम. आणि मंचावर आली पाच फुटांच्या आतली एक बाई. साधा काळा झगा, अंगावर दागिना नाही. हात तेवढे बोलणारे. गाण्यांत रस्त्यावरच्या बायका आणि सोडून गेलेले प्रियकर. त्यात आयोजकांनी एक निवेदक ठेवलेला, तो गाण्याआधी येऊन इंग्रजीत अर्थ समजावून जायचा. आता सांगा, डोळ्यांत पाणी यायच्या आधीच कुणी शिक्षकी थाटात सारांश सांगितला (माफ करा सर!) तर काय होणार? तिच्याबरोबर ‘कोंपान्यों द ला शांसों’ हा नऊ तरुणांचा मेळा होता. लोकांना ते जास्त आवडले.

मग व्हर्जिल थॉमसन मदतीला आला. हा स्वतः संगीतकार, बरीच वर्षं पॅरिसमध्ये काढलेला, आणि ‘हेरल्ड ट्रिब्यून’ या न्यूयॉर्कच्या वृत्तपत्राचा समीक्षक. त्याने तिच्या कलेवर सविस्तर लिहिलं. ही बाई काय करते आहे आणि तिच्याकडे कसं पाहायचं, हे न्यूयॉर्ककरांना त्याने शिकवलं म्हणा ना. नंतर मॅनहॅटनमधल्या एका क्लबात तिचे प्रयोग सुरू झाले. क्लबाचं नाव व्हर्साय! तिथे ती चालली, मुक्काम लांबत गेला, पुन्हा पुन्हा बोलावणी आली आणि १९५६ व १९५७ मध्ये ती थेट कार्नेगी हॉलमध्ये गायली. मधल्या काळात काही गाणी इंग्रजीतही म्हणायला शिकली. झगा मात्र काळाच राहिला, आणि माझ्या मते सगळी गोम त्यात आहे. परदेशातला प्रेक्षक तिकीट काढतो ते त्याच्या मनातल्या फ्रान्सचं. ते चित्र पुरं करत बसलात की तुम्ही नुसती शोभेची वस्तू बनता. ते मोडून स्वतःचं बसवायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ थंड टाळ्या ऐकत काढावा लागतो.

उलट उदाहरण हवं तर रॉक गायक जॉनी आलिडे घ्या. फ्रान्समध्ये तो देव. डिसेंबर २०१७ मध्ये त्याच्या अंत्ययात्रेला पॅरिसचा शाँझेलिझे हा हमरस्ता माणसांनी भरून गेला होता. पण सीमेपलीकडे ओळख बेताची. नोव्हेंबर १९९६ मध्ये त्याने लास व्हेगासच्या अलादीन हॉटेलात कार्यक्रम केला आणि प्रेक्षक कुठले? फ्रान्सहूनच खास विमानांनी आलेले, हजारोंनी! वर त्याने अमेरिकेची रॉक अँड रोल गाणी इंग्रजीत म्हटली. इतक्या लांब आलेल्या त्याच्याच चाहत्यांचा हिरमोड झाला. जॉनीवर माझा राग नाही, आवाज बिनतोडच होता. पण परदेशात जाऊन घरच्यांसमोर परक्यांची गाणी म्हणायची, हा हिशेब मला अजून जुळलेला नाही.

माओनंतरच्या चीनमध्ये पहिला पाश्चात्त्य पॉप कार्यक्रम एका फ्रेंच माणसाने केला म्हणतात. कोण तो?
— मिलिंद

झाँ-मिशेल जार, इलेक्ट्रॉनिक संगीत करणारा संगीतकार. ऑक्टोबर १९८१, बीजिंगमध्ये दोन आणि शांघायमध्ये तीन असे पाच कार्यक्रम. नुसतं नाव सांगून सोडवत नाही, कारण त्या दौऱ्याची हकिगत मला फार आवडते.

सिंथेसायझर, लेझरचे झोत, सगळं विजेवर चालणारं. वीज पुरावी म्हणून बीजिंगमध्ये आजूबाजूच्या भागांचा पुरवठा तोडायची पाळी आली. म्हणजे काही घरांत अंधार आणि स्टेडियममध्ये लेझर. पहिल्या रात्री स्टेडियम जवळपास भरलेलं, पण कार्यक्रम संपायच्या आत निम्मे लोक उठून गेले. आवडलं नाही म्हणून नव्हे हो! शहरातल्या बस दहाच्या सुमाराला बंद होत. शेवटची बस चुकली तर घरी जायचं कसं? परदेशी पाहुण्याला वाटलं असेल, आपलं संगीत डोक्यावरून गेलं. दुसऱ्या रात्रीसाठी जारने आणि अधिकाऱ्यांनी काही तिकिटं विकत घेतली आणि रस्त्यावरच्या मुलांना वाटून टाकली. जारला कार्यक्रम फुकटच ठेवायचे होते, पण तिकडच्या सरकारने अगदी किरकोळ का होईना तिकीट लावलं होतं.

त्याने एक शहाणपणाही केला. बीजिंगच्या संगीत विद्यालयाच्या वाद्यवृंदाला सोबत घेऊन मासेमारी नौकांविषयीची एक जुनी चिनी रचना सादर केली. ध्वनिमुद्रण १९८२ च्या अल्बममध्ये आहे, जरूर ऐका.

फ्रेंच येत नाही. तरी फ्रेंच गायिकेच्या कार्यक्रमाला जावं का?
— सुलभा

जा. फ्रेंच गायक शार्ल आझनाव्हूर वयाच्या ९४ व्या वर्षी, २०१८ च्या सप्टेंबरात, शेवटचं गायला ते जपानमध्ये. तिथे बसलेल्या सगळ्यांना काय फ्रेंच येत होतं?

माझा चुलतभाऊ पॅरिसजवळ एका छोट्या बँडमध्ये ड्रम वाजवतो. त्यांना ब्रिटन आणि अमेरिकेत कार्यक्रम करायचे आहेत. एवढा खर्च तिकडे कोण उचलतं?
— सौरभ

सौरभ, आधी खिसा, मग सरकार. फ्रान्समध्ये लोकप्रिय संगीताच्या प्रत्येक तिकिटामागे साडेतीन टक्के कर कापला जातो. तो जातो २०२० मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संगीत केंद्राकडे, आणि परदेश दौऱ्यांना मदत हेही त्याच केंद्राचं एक काम. थोडक्यात, घरच्या श्रोत्यांच्या पैशातून पोरं बाहेर पाठवली जातात. दौऱ्याचे पक्के करार हातात ठेवून अर्ज करायला सांग. नुसत्या ‘इच्छा आहे’वर कुणी पैसे देत नाही.

अमेरिकेचा खर्च व्हिसावर सुरू होतो. बँडसाठी तिथला आयोजक जो अर्ज भरतो त्याचं शुल्क एप्रिल २०२४ मध्ये ४६० डॉलरवरून १,०१५ डॉलरवर गेलं. छोट्या संस्थांना सवलत आहे, तेव्हा आयोजक किती मोठा आहे ते आधी विचारावं. आणि व्हिसा हातात पडेपर्यंत विमानाची तिकिटं काढू नयेत. हा सल्ला मी ज्याला दिला त्याने तो कधी ऐकलेला नाही.

ब्रिटनला व्हॅन भरून अ‍ॅम्प, माइक, दिवे न्यायचे तर एटीए कार्ने काढावं लागतं. हे सामानाचं पासपोर्ट समज, मुदत एक वर्ष. त्यातल्या यादीत प्रत्येक वस्तूचं वर्णन, अनुक्रमांक, वजन, किंमत, कुठल्या देशात बनली, सगळं. कस्टमचा माणूस गिटार उलटी करून मानेच्या मागचा नंबर बोटाने ओळीशी ताडून बघतो, आणि मागे सगळा बँड तोंड शिवून उभा! जे गेलं ते परत आलंच पाहिजे, तिकडे विकायचं नाही. गिटारच्या तारा, ड्रमच्या काठ्या असला झिजून संपणारा माल त्या यादीत घालायचा नसतो.

राहिला पगार. फ्रान्समध्ये कलावंतांना बेकारभत्त्यासाठी १२ महिन्यांत ५०७ तास काम दाखवावं लागतं. तेव्हा या तासांत धरला जावा म्हणून परदेशातला कार्यक्रम कुणाच्या पगारपत्रकावर निघणार, हे चुलतभावाला सहीच्या आधी विचारून घ्यायला सांग.