हँडल प्लेटिंगला टाकण्याआधी

भावा, जुन्या रॅले सायकलचं हँडल उद्यमनगरात प्लेटिंगवाल्याकडे न्यायची घाई नको. आधी ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हातानं घास. वरवरचा गंज निघतो, आणि मूळ मुलामा वाचला तर त्याची सर नव्याला नाही. खड्डे पडले असतील तरच नवं काम कर. चकाकी आणि टिकाऊपणा खरा क्रोमच्या खालच्या निकेलच्या थराचा. वरचं क्रोम जेमतेम अर्धा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दोन हजारावा भाग. म्हणून कारागिराला निकेल जाड चढवायला सांग, बफिंग (चाकावर घासून चमकवणं) मात्र बेतानं, नाहीतर कोरलेली अक्षरं पुसली जातात. ती गेली की परत येत नाहीत! सीटच्या स्प्रिंगा देऊ नकोस. प्लेटिंगच्या ॲसिडमध्ये हायड्रोजन शिरून कडक पोलाद ठिसूळ होतं. घरी क्रोमचं द्रावण अजिबात करू नकोस, त्यातल्या हेक्झाव्हॅलंट क्रोमियमनं (क्रोमियमचं विषारी रूप) कॅन्सर होऊ शकतो.