सीएची फी भरली, मुलीला विचारलं का?

प्रश्न: कळमन्यात माझी संत्र्याची अडत आहे, थोडा माल बांगलादेशलाही जातो. मुलगी बारावी कॉमर्स, 74 टक्के. तिला अर्थशास्त्र घेऊन पुढे देशादेशांमधला व्यापार आणि युद्ध असल्या विषयात शिकायचं आहे. आम्ही सीए ठरवलं, फाउंडेशनच्या क्लासची फीही भरली. व्यापार वाढला की भांडणं आपोआप मिटतात, हे मला धंद्यातच कळलं. त्याला पदवी काहून पाहिजे? निकालापासून ती माझ्याशी बोलत नाही, पण राग उतरेल. तिला जरा समजावून सांगा.
– एक पालक, नागपूर

नमस्कार भाऊ,

74 टक्क्यांची मला काही काळजी वाटत नाही. काळजी वाटली ती तुमची मुलगी निकालापासून बोलत नाही याची, आणि तुम्ही ते फीच्या मागोमाग एका ओळीत उरकलंत याची. सीए ठरलं तेव्हा ती तिथे बसलेली होती का? पत्रात तरी तसं दिसत नाही. पैसे भरून झाल्यावर तिला कळलं असेल, तर तिचा अपमान झालाय, आणि तो असा आपसूक उतरायचा नाही. सीए उत्तमच आहे. पण फाउंडेशन, इंटर, आर्टिकलशिप, फायनल हा लांबचा पल्ला असतो. बळेच बसवलेली मुलं इंटरच्या तिसऱ्या-चौथ्या अटेम्प्टला अडकलेली मी नेहमी बघते. तेव्हा घरचे म्हणतात, मेहनतच केली नाही.

आता तुमचं ते ठाम मत. व्यापार वाढला की भांडणं मिटतात, असं शंभर वर्षांपूर्वी युरोपातले भलेभले शहाणेही म्हणायचे. ब्रिटन आणि जर्मनी एकमेकांचे मोठे गिऱ्हाईक होते, तरी 1914 मध्ये समोरासमोर उभे ठाकलेच. 1941 च्या उन्हाळ्यात अमेरिकेनं जपानचं तेल तोडलं; जपान वठणीवर येणं राहिलं बाजूला, डिसेंबरात अमेरिकेच्या पर्ल हार्बर या नौदल तळावर त्याचे बॉम्ब पडले. लडाखच्या गलवानमध्ये चिनी सैन्याशी चकमक झाली जून 2020 मध्ये, आणि पुढच्याच वर्षी भारत-चीन व्यापार 100 अब्ज डॉलरच्या वर गेला. याच्या उलटही घडलंय. फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीनं 1951 च्या करारानं आपला कोळसा आणि पोलाद एका सामायिक यंत्रणेखाली आणलं, लढाईला लागणारा मालच कुणा एकाच्या ताब्यात राहू नये म्हणून. त्यानंतर त्या दोघांत युद्ध झालं नाही. माल कोणता, कोण कोणावाचून अडतो, दुसरीकडून घ्यायची सोय कोणाला आहे, यावर बरंच काही ठरतं. तुमची मुलगी हेच शिकायचं म्हणतेय.

आणि हे तिला सुचलं कुठून, हा प्रश्न तुम्हाला पडू नये याचं मला नवल वाटतं. बांगलादेश आपल्या संत्र्याचा सगळ्यात मोठा परदेशी गिऱ्हाईक. तिथलं आयात शुल्क 2019 मध्ये किलोमागे 20 रुपयांच्या आसपास होतं, 2023 मध्ये 88 वर गेलं. युद्ध नाही, सीमेवर गोळी नाही, तरी वरूड, मोर्शी, काटोलच्या बागायतदारांना घाम फुटला. त्या हंगामात तुमच्या घरी जेवताना दुसरं काय बोलणं होत असणार? ती पोरगी तिथंच बसून ऐकत होती.

कापसाची गोष्ट तर आणखी जुनी. 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना आपल्या कापसाची आठवण झाली. 1865 ला युद्ध संपलं आणि भाव कोसळले. आता 2025 चा ऑगस्ट बघा. अमेरिकेनं आपल्या मालावर 50 टक्के शुल्क लावलं, त्यातलं निम्मं आपण रशियाचं तेल घेतो म्हणून. म्हणजे मूळ युक्रेनच्या युद्धात. इकडे कापड उद्योगाला आधार म्हणून आपल्या सरकारनं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत माफ केलं. नवा कापूस घरात यायच्या तोंडावर! हिंगणघाटच्या शेतकऱ्याला युक्रेन नकाशात दाखवता येवो न येवो, त्याच्या भावाचा संबंध तिथवर पोचतो.

मार्ग थोडक्यात सांगते. प्रवेश परीक्षा देऊन चांगल्या ठिकाणी अर्थशास्त्र, पुढे आयआयएफटी या परदेशी व्यापार शिकवणाऱ्या संस्थेचं एमबीए किंवा यूपीएससी. व्यापार कायद्याची ओढ असेल तर राष्ट्रीय विधी विद्यापीठ नागपुरातच आहे. मुलीसाठीही एक कडू गोष्ट: गणित टाळून नुसत्या बातम्यांवर हा विषय पेलत नाही, आणि कुठल्याही कॉलेजातून कसंबसं बीए करून थांबलीस तर नोकरी मिळणं कठीण.

समजावण्याचं काम मात्र मी करणार नाही. आंबिया बहाराची संत्री यायला लागली की तिला अडतीवर बसवा. बांगलादेशला जाणाऱ्या एका खेपेचे सगळे कागद तिच्या हातात द्या: इनव्हॉइस, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (मालाला कीड-रोग नाही याचा दाखला), बँकेची एलसी (पैसे मिळण्याची हमी). बांगलादेश सीमेवरच्या पेट्रापोल नाक्यावर ट्रक अडला की तो फोन तिला घेऊ द्या. शुल्क अमुक असेल तर लिलावात कितीपर्यंत बोली लावणं परवडतं, याचा हिशेब तिच्याकडून मागा. हंगाम संपेपर्यंत विषय तिला झेपतो की नाही हे तिचं तिलाच कळेल, तुम्हालाही कळेल. तोवर क्लासची फी परत मिळत असेल तर मागून घ्या, नसेल तर सोडून द्या. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या, तुम्ही न वाचता.