दिवसभर श्रुतिका ऐकायच्यात? एवढं सांभाळ

अरे वा, रविवार रेडिओवर श्रुतिका (म्हणजे ऐकायची नाटकं), प्रहसनं (हलकीफुलकी विनोदी नाटकं) आणि रूपकं (निवेदन नि संवादांतून एखादा विषय मांडणारे कार्यक्रम) ऐकत काढायचा ठरवलास, फार बरं वाटलं! पण सकाळपासून रात्रीपर्यंत सगळंच ऐकायला जाऊ नकोस. नवखे इथेच थकतात. तीन कार्यक्रम निवड आणि तेवढेच मन लावून ऐक.

सुरुवात विविध भारतीच्या ‘हवामहल’ने कर. छोटी नाटिका, पात्रं मोजकी, त्यामुळे आवाज ओळखायची सवय लागते. श्रुतिकेची पहिली दोन मिनिटं फार मोलाची. कोण कोणाला काय म्हणून हाक मारतं ते तिथेच कळतं. ती हुकली की सासू कोण नि नणंद कोण, मेळच लागत नाही. पाच मिनिटं आधीच सेट लावून बस.

आपलं नागपूर आकाशवाणी केंद्र मध्यम लहरींवर (मीडियम वेव्ह) 585 किलोहर्ट्झला लागतं. खरखर आली की लोक एरिअल ओढत बसतात. मध्यम लहरींना त्याचा उपयोग नाही, त्यांची अँटेना सेटच्या आत आडव्या कांडीवर गुंडाळलेली असते. अख्खा सेटच हळूहळू फिरव, एका कोनात आवाज स्वच्छ होतो. जवळचा मोबाइल चार्जर आणि एलईडी दिवाही बंद कर. उन्हाळ्यात तेवढा वेळ कूलरसुद्धा, कारण त्या घरघरीत कुजबुजलेले संवाद पार बुडतात.

प्रहसन भाजी निवडताना ऐकलंस तरी चालेल. रूपक मात्र निवांत बसून, मोबाइल दूर ठेवून ऐक.

रेकॉर्डिंग, जुने संग्रह, शॉर्टवेव्ह नंतर बघू. आधी हा रविवार कसा गेला ते सांग.