लॅपटॉप घरोघरी, सर्व्हर ऑफिसात : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या कंपनीत दीडशेच्या आसपास लोक आहेत, जवळपास सगळेच वेगवेगळ्या शहरांतून घरूनच काम करतात. ऑफिसात डोमेनचा (म्हणजे सगळ्यांची खाती आणि कॉम्प्युटर एका जागेवरून सांभाळणारा) जुना सर्व्हर आहे आणि त्यावर ग्रुप पॉलिसी, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना एकदम लागू होणारे नियम, इतक्या साचल्यात की कुठली कोणी कशासाठी लावली ते आता कोणालाच सांगता येत नाही. लोक व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित वाट) लावत नाहीत, काही लॅपटॉपना महिनोन्महिने आमच्याकडून काहीच पोचलेलं नाही. वरून आदेश आलाय, इंट्यूनवर (मशीनं इंटरनेटवरून सांभाळायची मायक्रोसॉफ्टची सेवा) जा. आमचा सपोर्टवाला म्हणतो जुनं नवं दोन्ही ठेवू, हायब्रिड करू, म्हणजे काही बिघडणार नाही. काय करावं?

उत्तर : सपोर्टवाला घाबरतोय ते साहजिक आहे, कारण उद्या काही अडलं की फोन त्यालाच येणार. पण नव्या लॅपटॉपसाठी हायब्रिड नकोच. ग्रुप पॉलिसी आली विंडोज २००० बरोबर, तेव्हा कंपनीचा कॉम्प्युटर ऑफिसच्याच नेटवर्कवर असणार हे गृहीतच होतं, म्हणून मशीन साधारण दर ९० मिनिटांनी (वर अर्ध्या तासापर्यंत उशीर धरून) डोमेन कंट्रोलरला, म्हणजे त्या डोमेनच्या सर्व्हरला, विचारतं की बाबा नवीन काही आहे का. घरी बसलेल्या लॅपटॉपला व्हीपीएनशिवाय तो कंट्रोलर दिसतच नाही, मग विचारणार कोणाला? इंट्यूनमध्ये लॅपटॉप इंटरनेटवरून थेट बोलतो, साधारण ८ तासांनी चेक-इन करतो, आणि घाईचं काही असेल तर त्याला लगेच निरोपही धाडता येतो. हायब्रिड जॉइन केलं की तो जुना कंट्रोलर परत गळ्यात पडतो, म्हणजे नवा लॅपटॉप कुरिअरने घरी पोचला तरी पहिल्या लॉगिनला त्याला कंट्रोलर दिसायला हवा, म्हणजे पुन्हा व्हीपीएनची खटपट, आणि ती टाळायला तर हे सगळं चाललंय ना! मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगतं की नवीन मशीन थेट एंट्रा आयडीला जॉइन करा (म्हणजे मायक्रोसॉफ्टची क्लाउडवरची खात्यांची डिरेक्टरी, जुनं अझुर एडी, २०२३ मध्ये नाव बदललं).

'मग ऑफिसच्या सर्व्हरवरच्या फाइल्सचं काय' हा पुढचा प्रश्न येणारच. लॅपटॉप डोमेनला जोडलेला नाही म्हणून सर्व्हरवरचं सामायिक फोल्डर उघडणार नाही असं नसतं. युजरचं खातं डोमेनच्या जुन्या डिरेक्टरीतून एंट्राला सिंक होत असेल आणि व्हीपीएनवरून कंट्रोलर दिसत असेल तर फोल्डर नेहमीसारखा उघडतो, पिनने किंवा चेहऱ्याने लॉगिन करत असाल तर क्लाउड कर्बेरॉस ट्रस्ट (अशा लॉगिनला जुन्या सर्व्हरने ओळखावं यासाठीची सेटिंग) तेवढं आधी लावून घ्या. तरी फाइल्स हळूहळू वनड्राइव्ह-शेअरपॉइंटवर हलवाच, कारण जुन्या मॅप केलेल्या ड्राइव्हनी आणि प्रिंटरनी जेवढा जीव खाल्लाय तेवढा दुसऱ्या कशाने खाल्ला नसेल.

आधीचे लॅपटॉप मात्र एका रात्रीत फिरवायला जाऊ नका. डोमेनमधलं मशीन रीसेट न करता थेट क्लाउडला नेण्याचा सरळ अधिकृत रस्ता नाही, आणि दीडशे लोकांना 'उद्या तुमचा लॅपटॉप कोरा होईल' म्हणून मेल टाकला तर काय होईल ते मी सांगायला नको. हायब्रिडचा उपयोग झालाच तर तो इथे, जुनी मशीनं आहेत तशी ठेवून तात्पुरती इंट्यूनखाली आणायला. नवीन येणारं प्रत्येक मशीन नव्या पद्धतीने जाऊ द्या, जुनी बदलीच्या वेळी जातील. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यात अडकलेली मशीनं पहिल्या फेरीत घ्या. खरेदी करतानाच पुरवठादाराला सांगा की लॅपटॉप ऑटोपायलटमध्ये (नवं मशीन आपोआप तयार करणारी मायक्रोसॉफ्टची सोय) आमच्या नावावर नोंदवून दे, मग खोका थेट माणसाच्या घरी जातो, तो वायफाय लावून कंपनीच्या आयडीने लॉगिन करतो आणि बाकीचं आपोआप उतरतं. आणि विंडोज प्रो किंवा त्यावरचीच घ्या, होम एडिशन कंपनीच्या एंट्राला जॉइन होत नाही, स्वस्त मिळाले म्हणून होम घेतले की लायसन्सचा खर्च नंतर बोकांडी बसतोच.

पॉलिसींचं म्हणाल तर सगळ्या उचलून न्यायच्या नाहीत. इंट्यूनमध्ये ग्रुप पॉलिसी ॲनालिटिक्स आहे, जुनी पॉलिसी एक्सपोर्ट करून त्यात टाकली की कुठली सेटिंग नव्याकडे चालते ते दिसतं, पण चालते म्हणजे हवीच असं थोडंच आहे? कोरी पाटी घ्या, डिस्क एन्क्रिप्शन, अपडेट, अँटिव्हायरस, लोकल ॲडमिनचा पासवर्ड एवढ्यावर सुरुवात करा आणि कोणी ओरडलं तरच जुनी एखादी परत आणा. बहुतेक वेळा कोणी ओरडत नाही. बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) रिकव्हरी की, म्हणजे डिस्क उघडायची किल्ली, मात्र खात्यावर खरंच जमा झालीये का ते रीसेटच्या आधी डोळ्याने बघा.

शेवटी कंडिशनल ॲक्सेस, म्हणजे नियमात बसणाऱ्या मशीनलाच मेल आणि फाइल्स उघडू देणं. खरी ताकद इथे आहे आणि खरा गोंधळही इथेच. आधी रिपोर्ट-ओन्ली मोडवर (कोणाला न अडवता नुसती नोंद) ठेवून बघा कोण कोण अडकलं असतं. दोन आणीबाणीची ॲडमिन खाती या नियमांबाहेर ठेवा, नाहीतर एक चुकीची टिक आणि स्वतःच बाहेर. अजून एक, ज्या मशीनला कुठलीच कंप्लायन्स पॉलिसी (मशीन नियमात बसतं का ते तपासणारी) लावलेली नाही ते इंट्यून मुळात 'कंप्लायंट', म्हणजे नियमात बसणारं, धरतं! ती डिफॉल्ट सेटिंग पहिल्याच दिवशी शोधा, पण उलटी करायची ती सगळ्यांना पॉलिसी लागल्यावरच.

प्रश्न : ऑफिसने सांगितलंय की स्वतःच्या फोनवर कंपनीचं ॲप टाका नाहीतर मेल बंद. माझे फोटो आणि चॅट त्यांना दिसणार का? आणि नोकरी सोडली तर फोन पुसून टाकतील का?

उत्तर : अँड्रॉइडवर वर्क प्रोफाइल असेल तर कामाची ॲप वेगळ्या कप्प्यात राहतात, कंपनीला तुमचे फोटो, मेसेज, स्वतःची ॲप दिसत नाहीत आणि सोडून जाताना फक्त तो कप्पा उडतो. आयफोनवर जरा जपून, कारण तिथे अख्खा फोन नोंदवायचाही प्रकार आहे आणि त्यात तो दुरून पुसता येतो, खाजगी फोनसाठी वेगळा प्रकार ॲपलने २०१९ मध्ये आयओएस १३ पासून दिलाय. तेव्हा आयटीला एवढंच विचारा, माझा फोन नोंदवताय की फक्त ॲपवर नियम लावताय? फोन नोंदवायची तुमची तयारी नसेल तर फक्त मेलच्या ॲपपुरतं पिन आणि कॉपी-पेस्टचं बंधन लावणं त्यांना शक्य आहे, आणि खाजगी फोनला बऱ्याचदा तेवढं पुरतं. सरळ उत्तर मिळालं नाही तर कंपनीकडेच फोन मागा.

प्रश्न : आमच्याकडे आयफोन आणि मॅक जास्त आहेत. मागच्या आठवड्यात अचानक एकही मशीन आदेश ऐकेना. सर्व्हर तर चालू आहे. कशामुळे?

उत्तर : आधी पुश सर्टिफिकेटची (मशीनना निरोप धाडण्यासाठी ॲपलकडून घेतलेलं प्रमाणपत्र) तारीख बघा. ॲपलची मशीनं त्या सर्टिफिकेटवरच ऐकतात आणि ते दर वर्षी रिन्यू करावं लागतं. संपलं असेल तर ज्या ॲपल आयडीने काढलं होतं त्याच आयडीने रिन्यू करा, घाईत नवीन काढलंत तर सगळी मशीनं पुन्हा नोंदवत बसाल. तो आयडी कोणा सोडून गेलेल्या माणसाचा वैयक्तिक निघाला तर आधी त्याला शोधा, नाहीच सापडला तर ॲपलच्या सपोर्टला गाठा. आणि पुढच्या वेळी तो कंपनीच्या सामायिक मेलवर ठेवा, रिन्यूअलची आठवण निदान दोघांच्या कॅलेंडरवर.