मैदानाचे आरक्षण बदलण्याच्या प्रस्तावावर रहिवाशांना आपले म्हणणे कुठे आणि कसे मांडता येते?

आपल्या विभागातील मैदानाचे आरक्षण, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात ती जागा मैदानासाठी राखून ठेवल्याची नोंद, बदलण्याचा प्रस्ताव असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 मधील कलम 37 नुसार महापालिकेला राजपत्रात सूचना प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात आणि त्यासाठी एक महिन्याची मुदत असते. हरकत घेणाऱ्यांचे म्हणणे ऐकल्यानंतरच फेरबदल मंजुरीसाठी राज्य शासनाकडे जातो.

अडचण अशी की ही सूचना बहुतेकांच्या नजरेला पडतच नाही, आणि माझ्या मते खरा अन्याय इथेच होतो. म्हणून सोसायटीच्या सूचनाफलकावर ती लगेच लावावी. एकाच छापील मजकुरावर शंभर सह्या घेण्यापेक्षा प्रत्येक कुटुंबाने महापालिकेला स्वतंत्र पत्र द्यावे. त्यात नगर भूमापन क्रमांक (सरकारी नोंदीतील त्या जागेचा क्रमांक), आरक्षणाचा प्रकार आणि ती जागा आज कोण, कशासाठी वापरते हे स्पष्ट लिहावे, सुनावणीची मागणी करावी आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्क्यासह पोच घ्यावी.

अशा पत्रांनी काहीच होत नाही, हे मला मान्य नाही. मुंबईच्या विकास आराखड्याचा 2015 चा मसुदा असंख्य चुकांमुळे आणि नागरिकांच्या तीव्र विरोधामुळे शासनाला नव्याने करायला लावावा लागला, सुधारित मसुदा 2016 मध्ये पुन्हा हरकतींसाठी आला आणि 2018 मध्ये त्याला मंजुरी मिळाली. सुनावणीला मात्र जातीने हजर राहावे आणि जागेची छायाचित्रे सोबत न्यावीत.