‘धा’ वेगळा रेकॉर्ड करू नकोस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

लॅपटॉपमध्ये हजारो सॅम्पल (रेकॉर्ड केलेल्या आवाजाचे तुकडे) साठलेत आणि पूर्ण झालेलं गाणं एकही नाही, हे तू गमतीत लिहिलंस. त्यावर मी एखादं नवं प्लगिन सुचवीन अशी तुझी अपेक्षा दिसते. ते होणार नाही. महिनाभर तो सगळा साठा बंद ठेव. ओपनएमपीटी हा ट्रॅकर, म्हणजे रकान्यांत ओळीनं स्वर लिहून गाणं रचायचं सॉफ्टवेअर, उतरवून घे, विंडोज नसेल तर मिल्कीट्रॅकर. दोन्ही फुकट आहेत, जुन्या मशीनवरही पळतात. त्यात चार चॅनेलची, म्हणजे एका वेळी चारच आवाज वाजवणारी, नवी मॉड फाइल उघड आणि त्या चारांतच एक तीनताल बसवून दाखव.

चारच का, असं विचारशील. कार्स्टन ओबार्स्की या जर्मन तरुणाचा ‘अल्टिमेट साउंडट्रॅकर’ १९८७ मध्ये आला, तो कमोडोर अमिगा या घरगुती कॉम्प्युटरसाठी. त्यातली पॉला नावाची चिप एका वेळी चारच सॅम्पल वाजवायची, तीही ८ बिटची. अमिगा ५०० ची मूळ मेमरी ५१२ केबी. म्हणजे तू मला पाठवलेल्या फोटोपेक्षाही कमी. ओबार्स्कीने पडद्यावर चार उभे रकाने मांडले, काळ वरून खाली सरकतो. मॉड फाइलीत स्वरांबरोबर सॅम्पलही असतात. पुढे स्वीडनच्या ट्रायटन मंडळींच्या ‘फास्टट्रॅकर २’मध्ये ३२ चॅनेल झाले. तुला हवे तर ते आजही मिळतील, पण आत्ता नकोत.

आता कामाचं. मॉडमधला एक पॅटर्न ६४ ओळींचा असतो. तीनतालाच्या मात्रा १६. एका मात्रेला चार ओळी दिल्या की एक आवर्तन एका पॅटर्नमध्ये काठोकाठ बसतं. नेहमीचा वेग म्हणजे स्पीड ६, टेम्पो १२५. त्यात एक ओळ ०.१२ सेकंदाची, मात्रा ०.४८ ची, आणि पूर्ण आवर्तन ७.६८ सेकंदांत समेवर येतं. रूपक हवा असेल तर सात मात्रांच्या २८ ओळी. मोजणी शून्यापासून असल्याने २७ क्रमांकाच्या ओळीवर ‘डी००’ ही आज्ञा (ट्रॅकरच्या भाषेत इफेक्ट) लिहिलीस की पॅटर्न तिथेच तुटून पुढचा सुरू होतो.

सॅम्पलसाठी इंटरनेट धुंडाळू नकोस. तुमच्या शेजारी तबला वाजवणारे काका आहेत ना, त्यांना विचार. त्यांच्या परवानगीने, पंखा बंद करून, मोबाइलवर सुटे बोल घे: दायाँवर (उजव्या हाताच्या तबल्यावर) ना आणि तिं, बायाँवर (डाव्या हाताच्या डग्ग्यावर) गे आणि के. धा घेऊ नकोस, धिं पण नको. पहिला चॅनेल उजव्या हाताला दे, दुसरा डाव्या हाताला. एकाच ओळीवर पहिल्यात ना आणि दुसऱ्यात गे लिहिलास की धा झाला. तिं आणि गे एकत्र आले की धिं. तबलजी तरी वेगळं काय करतो? धा अख्खा रेकॉर्ड केलास तर दोन्ही हात कायमचे एकमेकांना बांधले गेले, मग बायाँ कितीही दाबावासा वाटला तरी दायाँही त्याच्याबरोबर दबणार.

आणि एक गंमत बघ. ट्रॅकरमध्ये एका चॅनेलवर नवा आवाज आला की आधीचा तिथेच कापला जातो. पियानोवाले यावर कुरकुरतात. आपल्याला मात्र हे फुकटचं वरदान, कारण गेची आस (मागे रेंगाळणारा नाद) चालू असताना त्याच रकान्यात के लिहिलास तर ती आस तुटते, अगदी हात पडून तुटावी तशी. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा असा ठेका लिहून काढ; इथला ता म्हणजे दायाँवरचा तोच ना. दुसरा रकाना ३६ ते ५१ या ओळींत रिकामा राहील. आजवर तालातली ‘खाली’ कानाने ओळखलीस, आता ती पडद्यावर डोळ्यांनाही दिसेल.

तिसऱ्या चॅनेलवरच्या तानपुऱ्याच्या बाबतीत मात्र हेच कापणं आड येतं. सुट्या तारा एका चॅनेलवर ठेवल्यास तर प्रत्येक नवी तार आधीचीचा गळा धरेल. म्हणून तिथे अख्खं आवर्तनच एका सॅम्पलमध्ये घे आणि लूप कर. लूपचं तोंड आणि शेपूट, दोन्ही लहर शून्य रेषा ओलांडते तिथेच काप, नाहीतर दर फेरीला टक् असा आवाज येईल. यात सर्वात जास्त वेळ जाईल. जाऊ दे.

मेमरीचा हिशेबही शीक, आज गरज नसली तरी. मॉडमध्ये अमिगाच्या मोजणीतल्या सी-२ या स्वरावर (ओपनएमपीटीत तो सी-५ दिसतो) सॅम्पल साधारण ८२८७ हर्ट्झने वाजतं, म्हणजे सेकंदाला आठेक केबी. तानपुऱ्याची पाच सेकंदं ४० केबीच्या आसपास. पण या दराने सुमारे ४ किलोहर्ट्झच्या वरचं काही उरत नाही, आणि चाटीवरच्या (तबल्याच्या कडेवरच्या) नाची धार तर तिथेच असते. त्यामुळे दायाँ दुप्पट दराने, १६५७४ हर्ट्झला रूपांतरित कर आणि एक सप्तक वर, सी-३ वर वाजव. बायाँला खालचा दर चालेल. कुठे खर्च करायचा आणि कुठे हात आखडायचा हे कळणं म्हणजे निम्मी रचना, असं माझं मत आहे.

चौथा चॅनेल सुरावटीचा. बासरी, हार्मोनियम, काहीही घे. मींडेसाठी इफेक्ट ३ आहे, पुढचे दोन आकडे सरकण्याचा वेग ठरवतात. भैरवातला रिषभ अजून उतरवायचा असेल तर फाइनट्यून वापर, एका अर्धस्वराचे आठ भाग पडतात. आवाजाची पातळी इफेक्ट ‘सी’ने, शून्यापासून ६४ पर्यंत, आकडे मात्र षोडशमान (दहाऐवजी सोळावर मोजणाऱ्या) पद्धतीत, म्हणून ६४ ला ‘सी४०’. सगळे बोल पूर्ण आवाजात ठेवलेस तर शाळेच्या बँडसारखं वाजेल. समेचा धा ६४ वर ठेव, मधले तिशी-चाळिशीत उतरव.

हेडफोन लावल्यावर दचकू नकोस: जुन्या अमिगाच्या पद्धतीने पहिला आणि चौथा चॅनेल डाव्या कानात, दुसरा-तिसरा उजव्या कानात जातो. ओपनएमपीटीच्या सेटिंगमध्ये ही फारकत कमी करता येते.

अडलीस तर व्हिडिओ बघण्याआधी दुसऱ्यांची मॉड उघड. मॉड आर्काइव्ह या वेबसाइटवर भरपूर आहेत. तयार गाण्यात वादक काय करतो ते झाकलेलं असतं. इथे प्रत्येक ओळ, प्रत्येक सॅम्पल समोर असतं. अमिगाच्या काळातली युरोपातली पोरं फ्लॉपीवरून एकमेकांची गाणी अशीच उघडून शिकली. सॅम्पलच्या नावांच्या जागीही बघत जा. प्रत्येकाला २२ अक्षरं मिळतात आणि तिथे लोक निरोप, आभार, क्वचित शिव्याही लिहून ठेवतात. तू तिथे शेजारच्या काकांचं नाव रोमन अक्षरांत घाल, पण आधी त्यांना विचारून.

झालं की पाठव. एमपी३ नको, मॉड फाइलच हवी. मला आधी दुसरा रकाना बघायचा आहे.

तुझा,
काका